ठराव क्रमांक सात

उपवनच्या तळ्यापाशीच रिक्षा सोडावी लागली;
वरून रिकामं परतावं लागतं, म्हणाला.
मग चढ. नाक्यावरच्या वनरक्षकानं
पिशवीत डोकावून फक्त प्लास्टिक शोधलं.
गुडघ्यानं दोनदा आठवण दिली
की मी सोसायटीचा सेक्रेटरी, लिफ्टनं वर जाणारा माणूस.

दुकान म्हणजे कुडाची एक भिंत, बाकी तिन्ही बाजूंनी वारा.
फळीवर वरीचे तांदूळ, कुळथाचं पीठ, नाचणीचे पापड,
करवंदाचं लोणचं, बरणीला जुन्या साडीच्या काठाची टोपी.
हळद बांधलेली स्थळांच्या जाहिरातीत:
मुलगी गोरी, गृहकृत्यदक्ष,
आणि पत्रिकेच्या जागी पिवळा डाग.

यमुना दुमाडा मध ओतत नाही,
डबा कलता करते आणि थांबते.
ती तार बाटलीत उतरेपर्यंत
दुसरं काही करत नाही, बोलतही नाही.
माझा हात दोनदा फोनकडे गेला
आणि ओशाळून परत आला.

"जंगलातलाच ना?"
(बायकोनं बजावून पाठवलेला प्रश्न.)
"पेट्यांतला. भाच्यानं ठेवल्यात, मागं जांभळाखाली.
सातेरी माशी.
पेटी आमची, पण ती चरते कुठं ते आमच्या हातात नाही.
आधीचा जांभळाचा निघाला, काळा, कडू.
हा आताचा. आता डोंगर सुकला, माशी खाली जाते."
"खाली म्हणजे?"
तिनं हनुवटीनं दाखवलं.

झाडीच्या फटीतून ठाणं.
आमची बिल्डिंग मी टाकीच्या निळ्या रंगावरून ओळखली.
"तुमच्याकडं ती पिवळी झाडं फुललीत ना रस्त्याला?
तुमचाच आहे म्हणा हा.
फक्त तुम्हाला काढता येत नाही."
आणि हसली, बाटलीचं तोंड पुसता पुसता.

सोनमोहोर. आमच्या गेटपाशी चार आहेत.
गाड्यांच्या काचांवर पाकळ्या पडतात
म्हणून छाटणीचा अर्ज मीच दिलेला;
तो अजून महापालिकेत कुठल्या तरी टेबलावर झोपलाय,
देव त्या टेबलाचं भलं करो.

दुसरा कागद मात्र जागा होता.
चौदाव्या मजल्याच्या तुळईखाली आग्या मोहोळ, सुपाएवढं.
ठराव क्रमांक सात. सूचक श्री. बिवलकर,
अनुमोदक सौ. परेरा, सर्वानुमते मंजूर.
साडेतीन हजार, जीएसटी वेगळा.
रात्री दोन पोरं दोरावरून उतरली, धूर, मग फवारा.
सकाळी झाडणाऱ्या सुनंदानं दोन बादल्या भरल्या
आणि विचारलं, ओल्या कचऱ्यात टाकू की सुक्या?
मी इतिवृत्तात लिहिलं: काम समाधानकारक.

आग्या वेगळी, सातेरी वेगळी,
असं मी तिथं उभ्या उभ्या स्वतःला समजावलं.
यमुनाबाईला काही बोललो नाही.
तिनं वहीच्या पानावर हिशेब केला,
मागच्या बाजूला कुणाचा तरी सातचा पाढा.
सुटे दहा नव्हते तिच्याकडे.
"ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. याल ना परत?"
आणि उत्तराची वाट न बघता पापड बांधायला वळली.

घरी बायकोनं पेल्यात पाणी घेऊन थेंब सोडला.
तो न विरघळता सरळ तळाला गेला
आणि तिथंच बसून राहिला.
"अस्सल आहे," ती म्हणाली. "कुणाचा?"
मी म्हटलं, "येऊरचा."

रात्री सभेची विषयपत्रिका काढली.
चौदाव्या मजल्याची तक्रार आलीय:
तुळईखाली मेणाचा डाग राहिलाय,
घासून जात नाही, वरून रंग धरत नाही,
आणि चार-सहा माश्या अजून रोज येतात,
त्या डागाला धरून बसतात. बंदोबस्त व्हावा.

विषय क्रमांक तीन, एवढं लिहिलं.
पुढं लिहायचं राहिलं.
बोटं चिकट होती,
कागद हाताबरोबर उचलला जात होता.